जन्मस्थान सोडून धावणारे तारे

(शिक्षक व ग्रामपंचायत सदस्य यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



४ जुलै १०५४ रोजी पहाटे चीनमधील सोंग राजदरबाराच्या ज्योतिषविभागातील अधिकाऱ्यांना वृषभ राशीत एक अनोळखी तारा दिसला. त्या जागी आदल्या रात्रीपर्यंत काहीही दिसत नव्हते. दरबारच्या शिरस्त्याप्रमाणे त्यांनी या आगंतुकाची 'पाहुणा तारा' अशी नोंद केली. तो २३ दिवस भर दिवसाही दिसत होता आणि रात्रीच्या आकाशातून नाहीसा व्हावयास त्यास जवळजवळ दोन वर्षे लागली, हेही त्यांनी लिहून ठेवले. तो तारा म्हणजे काय, हे त्या अधिकाऱ्यांना ठाऊक नव्हते. ठाऊक असण्याचा संभवही नव्हता. त्यांनी आपले काम तेवढे चोख केले.

नऊशे वर्षांनी हीच नोंद खगोलशास्त्रज्ञांच्या उपयोगी पडली. वृषभ राशीत त्याच ठिकाणी वायूचा एक ढग पसरत असलेला दिसतो. खेकड्यासारख्या रूपावरून त्यास 'क्रॅब तेजोमेघ' असे नाव पडले. त्याच्या पसरण्याचा वेग मोजून मागे हिशेब केला असता तो अकराव्या शतकाच्या आसपास येऊन पोहोचला आणि चिनी नोंदीशी जुळला. पुढे १९६८ साली या ढगाच्या गाभ्यात एका सेकंदात सुमारे ३० वेळा स्वतःभोवती फिरणारा एक चिमुकला तारा सापडला. पाहुणा तारा हा वस्तुतः एका प्रचंड ताऱ्याचा मृत्यू होता आणि गाभ्यातील चिमुकला तारा हे त्याचे अवशिष्ट होय.

सरकारी दप्तरातील एका साध्या नोंदीचे मोल किती असू शकते, याचे याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण आहे. आजच्या व्याख्यानाचा विषय अशा स्फोटांतून बाहेर फेकल्या गेलेल्या, अत्यंत वेगवान ताऱ्यांचा आहे. तथापि त्यामागील सूत्र नोंदीचेच आहे, हे ओघाने दिसून येईल.

ताऱ्याचा अंत आणि नव्या ताऱ्याचा जन्म

सूर्याच्या आठ-दहा पटींहून अधिक वस्तुमान असलेले तारे आपले इंधन झपाट्याने जाळतात. हायड्रोजनपासून हेलियम, हेलियमपासून कार्बन व ऑक्सिजन, अशा पायऱ्या चढत अखेरीस ताऱ्याच्या गाभ्यात लोखंड साठते. लोखंडाच्या पुढे जळून ऊर्जा मिळत नाही. चूल विझली, परंतु वरचा भार मात्र कायम आहे, अशी त्या गाभ्याची अवस्था होते. गाभ्याचे वस्तुमान एका मर्यादेबाहेर गेले की तो स्वतःच्या भाराखाली कोसळतो. सूर्याच्या सुमारे १.४ पट असलेल्या या प्रकारच्या मर्यादेचा हिशेब सुब्रह्मण्यन चंद्रशेखर या भारतीय शास्त्रज्ञाने तरुणपणीच मांडला होता. १९८३ साली नोबेल पारितोषिकाने ज्यांचा गौरव झाला, तेच हे चंद्रशेखर.

पृथ्वीएवढ्या आकाराचा हा गाभा एका सेकंदाहूनही कमी काळात काही किलोमीटरांचा होतो. अणूंचे भाग एकमेकांत दाबले जाऊन बहुतांश द्रव्य न्यूट्रॉन या कणांचे बनते. बाहेरची आवरणे स्फोटात उधळली जातात. यासच अतिनवतारा अथवा सुपरनोव्हा म्हणतात. मागे उरतो तो न्यूट्रॉन तारा. त्याचे वस्तुमान सूर्याहून अधिक, परंतु व्यास अवघा २० ते २५ किलोमीटर, म्हणजे एखाद्या मोठ्या शहराएवढा असतो. त्यातील साखरेच्या एका चौकोनी वडीएवढ्या भागाचे वजन दहा कोटी टनांहून अधिक भरेल.

ही कल्पना प्रथम केवळ कागदावर होती. न्यूट्रॉन या कणाचा शोध १९३२ साली लागला आणि लगेच १९३४ साली वॉल्टर बाडे व फ्रिट्झ झ्विकी या शास्त्रज्ञांनी सुपरनोव्हा म्हणजे साध्या ताऱ्याचे न्यूट्रॉन ताऱ्यात होणारे रूपांतर असावे, असा अंदाज प्रसिद्ध केला. त्यानंतर तीस वर्षांहून अधिक काळ असा तारा कोणासही ओळखता आला नाही.

कागदाच्या पट्टीवरील खूण

१९६७ साली इंग्लंडमधील केंब्रिज येथे जॉसेलिन बेल ही संशोधक विद्यार्थिनी अँटनी ह्युइश यांच्या मार्गदर्शनाखाली काम करीत होती. सुमारे चार एकर जागेत खांब रोवून व तारा ओढून रेडिओ दुर्बीण उभारण्यात आली होती आणि त्या उभारणीत तिचाही हात होता. दुर्बिणीकडून येणाऱ्या संकेतांचा आलेख रोज सुमारे ३० मीटर लांबीच्या कागदी पट्टीवर उमटत असे आणि तो डोळ्यांनी तपासण्याचे काम तिच्याकडे होते. अशा एका पट्टीवर तिला एक बारीकशी विस्कटलेली खूण दिसली. ही खूण पूर्वीही पाहिल्याचे तिला स्मरले. जुन्या पट्ट्या काढून पाहता आकाशाच्या त्याच भागातून तीच खूण पूर्वी आल्याचे आढळले. कागदाचा वेग वाढवून पाहिले, तेव्हा दर १.३३७ सेकंदांनी नेमाने येणारे ठोके स्पष्ट झाले.

फिरत्या न्यूट्रॉन ताऱ्याच्या चुंबकीय ध्रुवांकडून निघणारा रेडिओ झोत दीपगृहाच्या दिव्याप्रमाणे पृथ्वीवरून फिरत जातो, त्याचे ते ठोके होते. अशा ताऱ्यास पल्सर अथवा स्पंदक म्हणतात. १९७४ साली या शोधाच्या संदर्भात ह्युइश यांना नोबेल पारितोषिक मिळाले. बेल यांचा त्यात समावेश नव्हता. २०१८ साली त्यांना ३० लाख डॉलरचे एक विशेष पारितोषिक देण्यात आले, तेव्हा भौतिकशास्त्रात ज्यांना सहसा संधी मिळत नाही अशा विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीसाठी त्यांनी ती संपूर्ण रक्कम देऊन टाकली. पूर्वीची पट्टी जपून ठेवलेली नसती तर ती खूण यंत्रातील बिघाड म्हणून गेली असती, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे.

वेग किती आणि तो मोजावा कसा?

आज तीन हजारांहून अधिक पल्सर ज्ञात आहेत. त्यांची स्थाने वर्षानुवर्षे तपासताना असे दिसून आले की, त्यांतील अनेक तारे आपल्या जन्मस्थानापासून दूर पळत आहेत. त्यांचे मूळ तारे सेकंदाला काही दशक किलोमीटर अशा गतीने चालणारे होते. परंतु त्यांच्या पोटी जन्मलेले हे तारे मात्र त्याच्या दसपटीने धावतात. २००५ साली जॉर्ज हॉब्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी २३३ पल्सरांच्या गतींचा अभ्यास करून जन्मकाळचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे ४०० किलोमीटर असावा, असा निष्कर्ष काढला.

हा आकडा डोळ्यांसमोर आणून पाहावा. मुंबईहून नागपूरचे सुमारे ८०० किलोमीटरचे अंतर या वेगाने दोन सेकंदांत कापले जाईल. पृथ्वीला एक संपूर्ण फेरी घालावयास शंभर सेकंद पुरतील. आपली पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने फिरते, म्हणजे हे तारे तिच्या तेरा पटींहून अधिक वेगाने जातात.

काहींचा वेग याहूनही अधिक आहे. कालेय तारकासमूहाच्या दिशेस असलेल्या एका पल्सरचा वेग सेकंदाला सुमारे १,१०० किलोमीटर असल्याचे २००५ साली जाहीर झाले. हवाई बेटापासून कॅरिबियन समुद्रातील व्हर्जिन बेटांपर्यंत विखुरलेल्या दहा रेडिओ दुर्बिणी एकत्र जोडून हे मोजमाप झाले. हा तारा सुमारे २५ लाख वर्षांपूर्वी हंस तारकासमूहाच्या परिसरात जन्मला असावा. आकाशगंगेच्या गुरुत्वाकर्षणातून कायमचे सुटण्यास सूर्याच्या परिसरातून सेकंदाला साधारणतः ५५० किलोमीटर वेग पुरतो. त्यामुळे हा तारा परत फिरणार नाही. आकाशगंगेचे घर सोडून तो बाहेरच्या अंधारात निघून जाईल.

तथापि आकाशात पाहता यांपैकी एकही तारा हललेला दिसत नाही. प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर आहे. ४०० किलोमीटर वेगाच्या ताऱ्यास एक प्रकाशवर्ष अंतर तोडावयास ७५० वर्षे लागतात आणि हे तारे शेकडो वा हजारो प्रकाशवर्षे दूर आहेत. म्हणून त्यांची हालचाल विकलांत मोजावी लागते. आपल्या पंचांगांतील अंश, कला, विकला या शब्दांचा येथे चांगला उपयोग होतो: एका अंशाच्या साठ कला आणि एका कलेच्या साठ विकला. अडीच सेंटिमीटर व्यासाचे नाणे पाच किलोमीटर अंतरावर धरले तर ते साधारण एक विकला एवढे दिसेल. वेगवान न्यूट्रॉन तारे वर्षभरात बहुधा त्या नाण्याच्या रुंदीचा एखादा लहानसा अंशच सरकतात.

असे सुसाट तारे मोकाट फिरत असतील तर एखादा आपल्यावर येऊन आदळेल काय, अशी शंका विद्यार्थी विचारतात आणि मोठ्यांच्याही मनात ती येते. आपल्याला ज्ञात असलेल्या अत्यंत जवळच्या न्यूट्रॉन ताऱ्यांपैकी एक दक्षिण मुकुट या तारकासमूहात असून तो सुमारे ४०० प्रकाशवर्षे दूर आहे. आकाशपटलावर तो सेकंदाला सुमारे २०० किलोमीटर वेगाने आडवा सरकतो. या वेगाने तो नेमका आपल्या रोखाने निघाला आहे असे घटकाभर मानले, तरी त्यास येथे पोहोचावयास सहा लाख वर्षे लागतील. वर्तमानपत्रातील भडक मथळ्यापेक्षा फळ्यावर केलेला हा लहानसा भागाकार मनास अधिक धीर देणारा आहे.

धक्का कोठून बसतो?

दिवाळीत मुले फटाक्यावर डबा पालथा घालतात. फटाका बरोबर मध्यभागी असेल तर डबा सरळ वर उडतो. तो एका कडेला असेल तर डबा तिरपा जाऊन दूर पडतो. न्यूट्रॉन ताऱ्याचेही काहीसे असेच होते. स्फोट सर्व बाजूंनी सारखा झाला असता तर गाभा जागच्या जागी राहिला असता. परंतु कोसळलेल्या गाभ्याभोवतीचे द्रव्य भाताच्या पातेल्यास उकळी यावी तसे खळबळत असते. एका बाजूला मोठे बुडबुडे उठतात, तर दुसरीकडे द्रव्य दाट राहते. परिणामी एका बाजूस द्रव्य अधिक वेगाने फेकले जाते आणि दुसऱ्या बाजूस ते सावकाश बाहेर पडते. या सावकाश जाणाऱ्या जड द्रव्याचे गुरुत्वाकर्षण नवजात ताऱ्यास काही सेकंद आपल्याकडे ओढत राहते. नावेतून काठावर उडी घेणाऱ्याच्या पायाने नाव मागे रेटली जाते, तोच संवेगाचा नियम येथे लागू पडतो. जोराने उधळलेले द्रव्य एका दिशेस गेले की तारा उलट दिशेस जातो.

स्फोटाची सुमारे ९९ टक्के ऊर्जा प्रकाशाच्या रूपाने बाहेर पडत नाही. न्यूट्रिनो नावाच्या अत्यंत सूक्ष्म कणांच्या रूपाने ती निघून जाते. २३ फेब्रुवारी १९८७ रोजी मोठ्या मॅजेलन मेघातील सुपरनोव्हाकडून आलेले असे सुमारे दोन डझन कण जपान, अमेरिका व तत्कालीन सोव्हिएत संघातील उपकरणांनी टिपले, तेव्हा या सिद्धांतास प्रत्यक्ष पुरावा मिळाला. या न्यूट्रिनोंच्या बाहेर पडण्यात एका टक्क्याएवढा जरी असमतोल असला तरी ताऱ्यास सेकंदाला काही शे किलोमीटर वेग मिळू शकतो. प्रत्येक ताऱ्याच्या बाबतीत या दोन कारणांचा वाटा किती, याचा अभ्यास चालू आहे. मात्र २०१८ साली सहा स्फोटावशेषांची तपासणी करण्यात आली, तेव्हा सिलिकॉन, गंधक, कॅल्शियम यांसारखी मूलद्रव्ये ज्या बाजूस अधिक गेली होती, त्याच्या उलट बाजूस न्यूट्रॉन तारे गेल्याचे दिसून आले. डब्याचे आणि फटाक्याचे नाते असे आकाशातही सिद्ध झाले.

एका ताऱ्याचा बदलता आकडा

आता एका विशिष्ट ताऱ्याची हकिकत पाहू. दक्षिण आकाशात पपिस नावाचा तारकासमूह आहे. त्याच्या दिशेस सुमारे चार हजार वर्षे वयाचा एक स्फोटावशेष असून त्याचे नाव 'पपिस ए' असे आहे. त्याच्या मध्यापासून काहीशा अंतरावर क्ष-किरणांत चमकणारा एक न्यूट्रॉन तारा आहे. ऑक्सिजनने समृद्ध अशा वायूच्या गाठी ईशान्येच्या बाजूस वेगाने चालल्या आहेत आणि हा तारा नैर्ऋत्येकडे.

चंद्रशेखर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या 'चंद्रा' या अवकाशातील क्ष-किरण दुर्बिणीने १९९९ साली या ताऱ्याचे चित्र टिपले आणि २००५ साली पुन्हा टिपले. दोन्ही चित्रांची तुलना करून २००७ साली प्रसिद्ध झालेला वेग होता सेकंदाला सुमारे १,५७० किलोमीटर. हा आकडा थक्क करणारा होता आणि सिद्धांतकारांपुढे त्याने मोठेच कोडे टाकले. एवढा जबर धक्का कोणत्या स्फोटाने द्यावा?

२०१० साली पुन्हा चित्र घेण्यात आले. आता हाती दहा वर्षांचे अंतर होते. २०१२ साली नवा आकडा आला, ६७२. पुढे २०१९ साली आणखी एक निरीक्षण झाले आणि जवळजवळ वीस वर्षांच्या नोंदींच्या आधारे २०२० साली ७६३ हा आकडा प्रसिद्ध झाला. तोही 'अधिक अथवा उणे ७३' अशा स्पष्ट शेऱ्यासह. हे सर्व आकडे ताऱ्याचे अंतर सुमारे साडेसहा हजार प्रकाशवर्षे धरून काढलेले आहेत. अंतर कमी ठरल्यास वेगही त्या प्रमाणात कमी होईल, हेही शास्त्रज्ञांनी लपविलेले नाही.

मग पहिले शास्त्रज्ञ खोटे बोलले काय? मुळीच नाही. हा तारा वर्षाला एका विकलेच्या सुमारे आठ शतांश भागाएवढा सरकतो. पाच किलोमीटरवरील वस्तू वर्षभरात दोन मिलिमीटर सरकावी, तसे हे आहे. चित्रे एकमेकांशी जुळविण्यासाठी आसपास मोजकेच तारे उपलब्ध होते. अशा स्थितीत पाच वर्षांच्या अंतराने आलेल्या उत्तरात चूक मोठी राहिली. वीस वर्षांच्या अंतराने ती आक्रसली. तालुक्याच्या पर्जन्यमापकाचे उदाहरण घेता येईल. पाच वर्षांच्या पावसावरून सरासरी काढली आणि त्यांत एक अतिवृष्टीचे वर्ष असले, तर योजनेचा पायाच चुकतो. तीस वर्षांची नोंदवही हाती असली म्हणजे तेच एक वर्ष आपल्या जागी बसते. आकडा बदलला म्हणून मोजणारा अप्रामाणिक ठरत नाही. बदललेला आकडा दडपून जुनाच पुढे चालविणारा मात्र तसा ठरतो. या ताऱ्याचा वेग निम्म्यावर आला, ही नामुष्की नव्हे. पुढील पिढीस तपासता यावीत अशी चित्रे मागील पिढीने जपली, त्याचे ते फळ होय.

जे जागेवर राहिले

सर्वच न्यूट्रॉन तारे पळून जात नाहीत आणि याचा एक दाखला महाराष्ट्रातून मिळालेला आहे. पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळ खोडद येथे महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या आहेत. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ती उभी राहिली. तबकडीचा पृष्ठभाग भरीव पत्र्याचा न करता ताणलेल्या तारांच्या जाळीचा करण्याची त्यांची कल्पना खर्चात मोठी बचत करणारी ठरली. ताऱ्यांकडून येणारे संकेत इतके क्षीण असतात की, विजेच्या ठिणग्या व प्रक्षेपकांचा गोंगाट त्यांना सहज बुडवितो. म्हणून जागा निवडताना असा गोंगाट कमी असावा, हा एक महत्त्वाचा निकष होता.

या दुर्बिणीने शोधलेला पहिला पल्सर २००४ साली जाहीर झाला. तो एका गोलाकार तारकागुच्छात असून सेकंदाला सुमारे २०० वेळा फिरतो. अशा गुच्छांचे गुरुत्वाकर्षण बेताचे असते. सेकंदाला काही दशक किलोमीटर वेग मिळाला की तारा त्यातून निसटतो. जन्मतः ४०० किलोमीटरचा धक्का प्रत्येक न्यूट्रॉन ताऱ्यास बसत असता, तर हे गुच्छ न्यूट्रॉन ताऱ्यांनी जवळजवळ रिकामे असावयास हवे होते. प्रत्यक्षात तेथे पुष्कळ पल्सर सापडतात. यावरून काही स्फोट सौम्य असावेत आणि त्यांतून जन्मलेल्या ताऱ्यांना धक्काही हलका बसत असावा, असा विचार पुढे आला. सरासरीचा आकडा खरा असला तरी तो प्रत्येकास लागू होत नाही, हा धडा कोणत्याही कार्यालयास उपयोगी पडण्यासारखा आहे.

नोंदवहीचा धर्म

या विषयाचा आपल्या जीवनाशी काय संबंध, असा प्रश्न स्वाभाविक आहे. पळून गेलेला तारा आपल्या मागे काय सोडून गेला, याचा विचार केल्यास उत्तर मिळते. पपिसमधील ईशान्येस उधळलेल्या त्या गाठी ऑक्सिजनच्या आहेत. आपण श्वासावाटे घेतो तो ऑक्सिजन बहुतांशी सूर्य जन्मण्यापूर्वी अशाच प्रचंड ताऱ्यांत तयार होऊन स्फोटांनी अवकाशात पसरला. तारा एका दिशेस गेला आणि जीवनाची सामग्री दुसऱ्या दिशेस राहिली.

दुसरा संबंध अधिक निकटचा आहे. विज्ञाननिष्ठ दृष्टी जोपासणे हे १९७६ सालच्या घटनादुरुस्तीने प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून घटनेत समाविष्ट झाले. ही दृष्टी म्हणजे केवळ चमत्कारास नकार देणे नव्हे. जे पाहिले ते तारखेसह लिहिणे, लिहिलेले जपणे, पुन्हा मोजणे आणि नवे मोजमाप जुन्याशी न जुळल्यास ते मोकळेपणाने सांगणे, ही तिची चार अंगे होत. शाळेतील तापमानाचा तक्ता, ग्रामपंचायतीची जन्ममृत्यूची नोंद, विहिरींच्या पाणीपातळीची वही, ही सर्व याच कुळातील आहेत. आज लिहिणाऱ्यास त्यांचा उपयोग दिसेलच असे नाही.

सोंग दरबारातील त्या अधिकाऱ्यांना न्यूट्रॉन तारा ठाऊक नव्हता. त्यांनी दिवस लिहिला, स्थान लिहिले, आणि तारा दिसेनासा झाल्याची तारीखही विसरले नाहीत. त्या तीन गोष्टींवर आज एका शास्त्रशाखेचा मोठा भाग उभा आहे. आपल्या हातातील वहीतही तेवढेच लिहावयाचे असते.